पळालं तरी चोर, थांबलं तरी चोर

डेंटिस्टकडे दातांचे किस्से जमतात, पोलिसांकडे चोरांचे. मी फिजिओथेरपिस्ट. नाशिक रोडला माझं छोटंसं क्लिनिक आहे आणि रोज सकाळी मी ग्राउंडवर धावणाऱ्या मुलामुलींचे पाय बघायला जाते. म्हणजे माझ्याकडे खरं तर गुडघ्यांचे किस्से जमायला हवेत. पण नाही! माझ्याकडे जमतात ते एकाच प्रश्नाचे किस्से. "मॅडम, हे चालेल का?"

मी भाजी घेत असते, फोन वाजतो. "मॅडम, आजीने ओव्याचा अर्क दिलाय, चालेल का?" मी सासूबाईंबरोबर दवाखान्यात असते, फोन वाजतो. "मॅडम, शेजारी सत्यनारायण होता, प्रसाद चालेल का?" एकाने तर बहिणीच्या हळदीतून फोन केला होता. "मॅडम, मला पण हळद फासली यांनी. कातडीतून आत गेली तर?"

हसू येतं, पण पोटात गोळाही येतो. कारण डोपिंगचा नियम साधा आहे आणि म्हणूनच भयंकर आहे. तुमच्या अंगात बंदी असलेलं काही सापडलं की दोषी तुम्ही. कुणी दिलं, चुकून गेलं की मुद्दाम घेतलं, ते नंतर बघू, आणि तेही सिद्ध तुम्हीच करायचं. कोर्टात चोराला जेवढी सवलत मिळते तेवढीसुद्धा इथे नाही.

आणि ग्राउंडवरच्या लोकांचा नियम तर याहून सोपा. त्यांना काही सापडावंही लागत नाही!

* * *

आमच्या ग्राउंडचे कोच म्हणजे पगार सर. मूळचे सटाण्याचे. एरवी शुद्ध शाळेतलं मराठी बोलतात, पण संतापले की थेट अहिराणीवर येतात. त्यामुळे सरांचा पारा किती चढलाय हे कळायला आम्हाला थर्मामीटर लागत नाही.

त्यांच्याच गावाकडचा सागर. आठशे मीटर पळतो. घरचा कांद्याचा व्यापार, अंगापिंडाने दणकट, पण मनाने ससा. स्पर्धा तोंडावर आली आणि याला सर्दी झाली. आता सर्दीच्या काही गोळ्यांत बंदी असलेलं औषध असतं, हे मीच कधीतरी सांगून ठेवलेलं. झालं! सगळी बॅच सागरला घेऊन मेडिकलवर गेली. दुकानदाराने एक गोळी काढली की हे सगळे मिळून तिच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचणार, तिचा फोटो मला पाठवणार आणि "दुसरी दाखवा" म्हणणार. मागे गिऱ्हाइकांची रांग लागली.

शेवटी दुकानदार वैतागला. "अहो, सर्दीची गोळी घेताय का लग्नाची साडी?"

गोळी न घेताच सगळे परत आले. सागर बिचारा नाक गळतंय, डोळे सुजलेत, तसाच ट्रॅकवर पळत राहिला. मला त्याची दया आली, पण ठामपणे "घे" म्हणायची माझीही हिंमत होईना. ती जबाबदारी कोण घेणार? पगार सरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "शिंक बेटा, खुशाल शिंक. पण शिंक शुद्ध पाहिजे!"

* * *

दुसरी आमच्याकडची रीत पाण्याच्या बाटलीची. बाटली एकदा नजरेआड झाली की तिच्यातलं पाणी प्यायचं नाही, ओतून द्यायचं. कुणी काय मिसळलं तर? ही रीत सरांनीच घालून दिली आणि मुलांनी ती इतकी मनावर घेतली की आमच्या ग्राउंडवरची झाडं उन्हाळ्यातही हिरवीगार असतात.

सागर चुलतभावाच्या लग्नाला सटाण्याला गेला तो स्वतःची बाटली आणि स्वतःचा डबा घेऊन. पंगतीत बसला आणि पत्रावळीशेजारी डबा उघडला. वाढपी थबकले. नवरीचे वडील आले, आग्रह करू लागले. हा हात जोडून म्हणतो, "काका, मी बाहेरचं खात नाही."

"बाहेरचं? आमच्या दारात येऊन आमचंच अन्न बाहेरचं?"

सागरने डोपिंगचा नियम समजावून सांगायचा प्रयत्न केला. भर मांडवात, बँडच्या आवाजात! त्यातलं "तपासणी", "लघवी" आणि "बंदी" एवढंच लोकांच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या आईला बायका हळू आवाजात विचारू लागल्या, "पोरले काही रोग शे का?" त्याच्यासाठी एका चांगल्या स्थळाची बोलणी चालू होती, तीही थांबली.

सागर मला म्हणाला, "मॅडम, काही घेतलं असतं तर निदान मेडल तरी मिळालं असतं."

* * *

आता जयवंतीबद्दल सांगते. कारण माझ्या पोटातल्या गोळ्याचं खरं नाव जयवंती.

ती सुरगाण्याच्या डोंगरातल्या एका पाड्यावरची. आईवडील नागली, म्हणजे आपली नाचणी, आणि भात लावतात, पावसाळा सरला की द्राक्षाच्या मळ्यांवर कामाला उतरतात. थोरला भाऊ तेच करतो. ही शाळेच्या एका स्पर्धेत पगार सरांच्या नजरेस पडली आणि सरांनी घरी जाऊन, भावाच्या हातापाया पडून तिला नाशिकला आणलं. भावाने एकच अट घातली होती. "पोरीच्या नावाला काय लागता कामा नये."

राज्य स्पर्धेत पाच हजार मीटरला तिचं नावही कुणाला माहीत नव्हतं. शेवटच्या फेरीत ती अशी काही सुटली की सर हातातलं घड्याळ दाबायचंच विसरले. पहिली आली! दुसरी आली आमच्याच ग्राउंडवरची स्वरा. ही गंगापूर रोडची, बंगल्यातली. पोरगी गोड आहे, जयवंतीची जिवलग मैत्रीण आहे. फक्त तिला पप्पा आहेत. स्वराचे पप्पा रोज गाडीतून तिला सोडायला येतात, स्वतःचं घड्याळ घेऊन कडेला उभे राहतात आणि सरांना कोचिंग शिकवतात.

जिंकलेल्यांची तपासणी होणार होती. एक बाई शर्यत संपल्यापासून जयवंतीच्या मागे सावलीसारख्या लागल्या. नियमच आहे तसा. लघवीचा नमुना देईपर्यंत खेळाडू नजरेआड होऊ द्यायचा नाही. नमुना द्यायचा तोही त्या बाईंच्या डोळ्यांदेखत. जयवंतीला हे कळलं आणि ती लाजेने अर्धमेली झाली. पाणी प्यायली, फेऱ्या मारल्या, पुन्हा पाणी प्यायली. काही केल्या होईना! दुपार कलली. सगळं स्टेडियम रिकामं झालं. बाई बसल्यात, ही बसलीये, दाराबाहेर मी बसलेय.

शेवटी आतून तिचा आवाज आला, "बाई, मला तर लाज वाटतीच. पन तुम्हाला कशी नाय वाटत?"

त्या बाई शांतपणे म्हणाल्या, "सुरुवातीला वाटायची गं. मग नोकरीत कायम झाले."

जयवंती खळखळून हसली आणि तिचं काम झालं.

* * *

ती हसली खरी, पण आम्हाला पुढे फार दिवस हसू आलं नाही. त्याच संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर स्वराच्या पप्पांचा मेसेज पडला. "अभिनंदन जयवंती! एवढ्या कमी वेळात एवढी प्रगती! सायन्सलाही कोडं पडावं! बाकी रिपोर्टमध्ये कळेलच." पुढे हात जोडलेली खूण.

बस. कुठलाही आरोप नाही. तरी दुसऱ्या सकाळी ग्राउंडवर सगळ्यांचा सूर बदललेला. कालपर्यंत जिच्या डब्यातली चटणी मुली ओरबाडून खायच्या, तिच्या डब्याकडे आज दुरूनच बघत होत्या. मला एका आईने बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, तुम्हाला तर माहीत असेल. काय देता हो तिला?"

मी म्हटलं, "शेक देते. गुडघ्याला."

त्या बाई डोळा बारीक करून हसल्या. मला इतका राग आला की शेकाची पिशवी त्यांच्याच डोक्यावर ठेवावीशी वाटली. पण भीतीही होती, खोटं कशाला बोलू? नकळत काही गेलं असेल तर? मेसमधून, सर्दीच्या काढ्यातून? ज्या पोरीवर माझा पूर्ण विश्वास होता तिलाच मी संध्याकाळी क्लिनिकवर बसवून उलटसुलट प्रश्न विचारले. ती निमूट उत्तरं देत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, तुम्हालाबी वाटतं का?"

 मी तिला चहा विचारला.

तिने विचारलं, "चालेल का?"

* * *

एके सकाळी ग्राउंडच्या गेटबाहेर एक पांढरी गाडी येऊन थांबली. आतून दोन माणसं उतरली, हातात मोठ्या काळ्या बॅगा. कुणीतरी ओरडलं, "डोपवाले आले!"

पुढचं दृश्य मी जन्मात विसरणार नाही. गुडघा दुखतो म्हणून आठवडाभर माझ्याकडे शेक घेणारा मुलगा मागची भिंत एका उडीत ओलांडून पसार झाला. मुली शौचालयाच्या मागे. सागर तर बूट ट्रॅकवरच टाकून पळाला. मिनिटाभरात ग्राउंड ओस! मधोमध पगार सर एकटे, गळ्यात शिट्टी. "हाई काय शे? हाई काय शे?" ओरडत होते, पण ऐकायला कोण होतं? आणि पलीकडे जयवंती. ती आपल्या फेऱ्या मारतच होती.

ती माणसं आत आली. बॅगेतून कॅमेरे काढले. मागून एक नटलेली नवरी आणि फेटा बांधलेला नवरा आला. प्री-वेडिंग शूट!

मग एकेक वीर परत आले. सरांनी सागरचा कान धरला. "तू काय घेतोस रे? भाकरीशिवाय काय जातं तुझ्या पोटात? मग पळालास का?"

"सर, सगळे पळाले म्हणून."

"मग सगळे का पळाले?"

"सर, तुम्हीच सांगता ना, आपण काही घेतलं नसलं तरी सापडू शकतं!"

सरांनी कान सोडला.  यावर उत्तर होतं ते फक्त स्वराच्या पप्पांजवळ. ते कडेला उभे राहून सगळं बघत होते. मला म्हणाले, "बघितलंत ना मॅडम? सगळे घाबरून पळाले. ती एकटीच पळाली नाही."

"अहो, म्हणजे ती निर्धास्त आहे!"

"तेच म्हणतोय मी. एवढी निर्धास्त? नक्कीच तिला आधीपासून माहीत असणार गाडी कुणाची आहे!"

* * *

मग यूट्यूबवाला आला. म्हणजे आमच्याकडे नाही, थेट जयवंतीच्या पाड्यावर. कुणी पाठवला देव जाणे. हातात माईक, काळा चष्मा, "सत्य शोधून काढणारच" असा आव. घरात आई एकटी. तिला वाटलं, पोरीचं कौतुक करायला पाहुणा आलाय. तिने सगळं घर उघडून दाखवलं. कोपऱ्यातला पत्र्याचा डबासुद्धा. पठ्ठ्याने डब्यात कॅमेरा घातला. आत तपकिरी पीठ.

संध्याकाळी व्हिडिओ आला. पिठाभोवती लाल वर्तुळ, वर बाण, आणि खाली ठळक अक्षरांत: "विजेतीच्या घरात सापडली संशयास्पद पावडर!"

नागलीचं पीठ होतं हो ते! नाशिक जिल्ह्यात राहून नागली ओळखू येत नाही? पण व्हिडिओ गावोगाव फिरला. मळ्यावर काम करताना भावाला लोकांनी मोबाईल काढून दाखवला. मुकादम म्हणाला, "बहिणीला सांग, आमच्या बैलालाबी थोडी पाठव."

मी आईला फोन केला. धीर द्यायला केला आणि जाबच विचारला. म्हटलं, "मावशी, तुम्ही त्याला हाकलून का नाही दिलंत?"

"अवं बाई, दुपारचा आलेला मानूस. उपाशी कसा धाडायचा? त्याला म्हनलं, जेवून जा. त्याच पिठाची भाकर केली. लय आवडली त्याला, मागून घेतली. वर ताकबी दिलं."

म्हणजे त्या सत्यशोधकाने ती संशयास्पद पावडर पोटभर खाल्ली, वर ताक प्यायलं, आणि मग घरी जाऊन व्हिडिओ टाकला!

* * *

पण भावाला यात हसण्यासारखं काही दिसलं नाही, आणि त्याचं चुकलं असंही मी म्हणणार नाही. तो ग्राउंडवर आला तो जयवंतीची पिशवी भरायलाच आला होता. सरांच्या पाया पडला आणि म्हणाला, "सर, तुमचे उपकार हायेत. पन मी सांगितलं होतं, नावाला काय लागाया नको. आता तिला घरी न्यायची. नायतर एक करा, तिनं काय खाल्लं नाय असा कागद द्या. मी गावात दाखवतो."

मी म्हटलं, एवढंच ना? मिळवते. त्याच्यासमोरच तपासणीच्या ऑफिसात फोन लावला. बराच वेळ या टेबलावरून त्या टेबलावर फिरवल्यावर एक साहेब बोलले. मी विचारलं, "साहेब, आमच्या मुलीचा रिपोर्ट कधी येईल?"

"मॅडम, काही सापडलं तर आम्ही कळवतो."

"आणि नाही सापडलं तर?"

"मग काय कळवायचं?"

"अहो, म्हणजे निर्दोष आहे असं पत्र..."

"तसं पत्र नसतं मॅडम. काही आलं नाही म्हणजे सगळं ठीक समजायचं."

"पण किती दिवस काही आलं नाही म्हणजे समजायचं?"

फोन ठेवला गेला. भाऊ माझ्याकडे बघत होता. त्याला काय सांगू? की दोषी असती तर शिक्का मारलेला कागद आला असता, आणि निर्दोष आहे म्हणून हातात काहीच नाही? मी सांगितलं. जसं होतं तसं सांगितलं. त्याने पिशवी खांद्याला लावली. शेवटी सर म्हणाले, "रविवारी शहरातली शर्यत आहे. तेवढी पळू दे. मग ने."

तो कसाबसा हो म्हणाला. जयवंती लांब उभी राहून बाटलीतलं पाणी झाडाला घालत होती.

* * *

रविवारी गंगापूर रोडला शर्यत झाली. एका मंडळाची शर्यत, म्हणजे मांडव, खुर्च्या, स्पीकर, पाहुणे, सगळा थाट. जयवंती पहिली आली. स्वरा दुसरी. स्वराने धापा टाकत तिला मिठी मारली. मी टाळ्या वाजवल्या, पण डोळे भावाकडे. तो पिशवी खांद्याला लावूनच उभा होता.

आणि जयवंती, तोंडसुद्धा न पुसता, मांडवातल्या एका खुर्चीवर येऊन बसली. ताठ. मी म्हटलं, "चल, कपडे बदलून घे."

"नाय मॅडम. त्या बाई कुठं हायेत?"

"कोण बाई?"

"तपासनीवाल्या. मी कुठं गेले नाय, त्यांना सांगा. अशी इथंच बसते."

तिला कसं सांगावं मला कळेना. म्हटलं, "अगं, ही मंडळाची शर्यत. इथे तपासणी नसते."

"मग बोलवा. मी थांबते."

स्टेजवरून तिचं नाव पुकारलं. ती उठली नाही. पुन्हा पुकारलं. पाहुणे ट्रॉफी हातात धरून उभे. निवेदक म्हणाला, "विजेत्या स्पर्धक जिथे असतील तिथून त्वरित स्टेजवर याव्यात!" विजेती समोरच बसलेली. सर समजावून थकले, स्वरा रडायला लागली. जयवंतीचं एकच. "तपासनी करा, मगच बक्षीस घेईन. इथून उठले तर म्हनतील, पळाली."

सगळा मांडव वळून बघू लागला. मागे कुजबुज सुरू झाली.  वाटलं, आता ही पोरगी रडेल, भाऊ तिला हाताला धरून नेईल, आणि संपलं सगळं.

तेवढ्यात स्वराचे पप्पा पुढे आले. चारचौघांत प्रकरण वाढतंय हे त्यांना बरोबर कळलं होतं. तिच्या खुर्चीशी वाकले आणि अगदी मऊ, हळू आवाजात म्हणाले, "बेटा, असं करू नये. जा, बक्षीस घे. अगं, तुझ्यावर कुणाचाही संशय नाही."

जयवंतीने मान वर केली. "खरंच, काका?"

"अगदी खरं."

"मग तेवढं माईकवर सांगा."

पप्पा हसले. मग हसायचे थांबले. इकडेतिकडे बघू लागले. आणि भावाने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली, सरळ स्टेजवर गेला, निवेदकाच्या हातातला माईक काढून घेतला आणि वायर ओढत ओढत खुर्च्यांमधून वाट काढत आला. माईक त्याने स्वराच्या पप्पांच्या तोंडापुढे धरला.



पप्पांनी घसा खाकरला. "हॅलो... हॅलो... आवाज येतोय का?"

पार मागून, मांडववाल्यांच्या ट्रकपाशी उभा असलेला एक जण ओरडला, "येतोय साहेब! बोला!"